कोळ्याचे दोन पाय

आमच्या वर्तमानपत्रात विज्ञानाचं सदर एक ताई लिहीत. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण कचेरीत सगळे त्यांना ताईच म्हणत. माझं काम पानं इकडून तिकडे नेण्याचं. अक्षरं मला बावन्नाव्या वर्षी लागली, तीही ताईंच्याच सदरावर. बदल्यात त्यांनी मला एका कामाला जुंपलं होतं. लेख झाला की समोर बसवून वाचून दाखवत आणि मी जिथे कान खाजवीन ते वाक्य खोडत. मी मुद्दाम काही करत नव्हतो. डोक्यात शिरलं नाही की हात आपोआप कानाकडे जाई.

एकदा संपादकसाहेब त्यांच्या टेबलापाशी आले. "ताई, पाच वर्षांत तुमच्या सदराला तीन पत्रं. त्यातली दोन तुमच्या आत्याची."

"तिसरंही आत्याचंच," मी म्हणालो. "अक्षर फक्त शेजारणीचं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "महिनाअखेरपर्यंत कुणी वाचतंय असं दिसलं नाही, तर ती जागा राशिभविष्याला."

या सदरापायी ताईंनी कॉलेजातली नोकरी सोडली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोळी जाळं कसं विणतो, तो लेख वाचून दाखवला. माझा हात मांडीवरून हलला नाही. पण छपाईला जाणारं पान हातात आलं तेव्हा मी चालता चालता वाचलं आणि अर्ध्या जिन्यातून परत फिरलो.

"ताई, सकाळी कोळ्याला आठ पाय होते. इथे सहाच आहेत."

ताई पेरू खात होत्या. "काका, तुम्हाला वाचता कुठे येतं?"

मी जरा विचार केला. "तेही खरंच. मी पडलो अंगठाछाप," म्हणालो आणि पान खाली नेऊन दिलं.

चार दिवसांत एकशे बारा पत्रं आली. निवृत्त मास्तरांनी ताईंना धू धू धुतलं होतं. चौथीतल्या एका मुलीनं मेलेला कोळी कागदाला चिकटवून एकेका पायाला नंबर दिला होता. एका डॉक्टरांनी विचारलं होतं, उरलेले दोन पाय जागेअभावी कापले का? ताईंच्या बाजूनं एकटी आत्या: "सहाच असतात. मी न्हाणीघरातला मोजला."

"हे पान तपासलं कुणी?" साहेब गरजले.

"नेलं मी, साहेब. पण मला सहाच्या पुढे मोजता येत नाही."

साहेबांनी पत्रांचा ढीग हातानं दाबून पाहिला. "पाच वर्षं कुठे होते हे लोक?"

"वाचत होते," ताई म्हणाल्या. "बरोबर असलं की कोण पत्र लिहितं?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी सरळ छापलं: कोळ्याला पाय आठच, दोन मी लपवले होते, कोण मोजतंय ते बघायला. साहेब आठवडाभर फुगून बसले, पण सदराला हात लावला नाही. राशिभविष्य होतं तिथेच राहिलं.

पुढे त्या लेखांचं पुस्तक झालं. प्रस्तावना ताईंनी नेहमीसारखी मला वाचून दाखवली. शेवटी दोन ओळी माझ्याबद्दल होत्या, बऱ्याच गोड.

मी कान खाजवला.

ताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "काका, हे कळलं नाही?"

मी दुसराही कान खाजवला. मग त्यांनी पेन उचललं.