फोटोपुरता उतार

थांबा, पाय जरा जपून टाका. तुम्ही आत्ता ज्याच्यावर उभे आहात ना, तोच मी. वाचनालयाच्या दारापर्यंत जाणारा लाकडी रॅम्प. माझ्याकडे कुणी बघत नाही, सगळे माझ्यावरून जातात, आणि ते बरोबरच आहे. पण आज दोन मिनिटं ऐकून घ्या. एवढ्याशा आयुष्यात मला इतके धक्के बसलेत की कुणी नुसता पाय आपटला तरी माझे खिळे शहारतात.

माझा जन्म शाळेच्या वर्कशॉपमधला. त्या वर्षी वरच्या वर्गाला नागरिकशास्त्र आणि सुतारकाम या दोन विषयांचा मिळून एकच प्रकल्प होता. नागरिकशास्त्राच्या मॅडमना समाजाच्या उपयोगाचं काहीतरी हवं होतं आणि सुतारकामाच्या सरांना पक्के सांधे हवे होते. शेजारच्या वाचनालयाला तीन पायऱ्या होत्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला आत जाता येत नाही, तर आपण रॅम्प करू, असं एका गटानं ठरवलं. तो रॅम्प म्हणजे मी.

गटातल्या दोघी मला नीट आठवतात. एकीला सगळे लीडर म्हणायचे. माझं लाकूड यायच्या आधीच तिच्या फाइलचं कव्हर तयार होतं, त्यावर चकचकीत अक्षरांत नाव, आत प्रस्तावना, आभार आणि निष्कर्षसुद्धा. दुसरीचं टोपणनाव रंधा. लाकूड गुळगुळीत करायचा रंधा हातात आला की ती थांबायचीच नाही, म्हणून ते नाव पडलं. बोलायची कमी. माझ्या कडा तिनं इतक्या मऊ केल्या की मला वाटलं, ही मुलगी मला झोपवणार आहे.

त्या दिवसांत मी फार खुशीत होतो. आपण कुणाच्या तरी उपयोगाला येणार, यासारखं सुख लाकडाला दुसरं नाही. फक्त एकदा रंधा माझ्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "सर, उतार जरा खडा वाटतोय."

सरांनी मान वर न करताच विचारलं, "प्लायची शीट किती आहे आपल्याकडे?"

"एकच."

"मग झालं तर. शीट जेवढी लांब तेवढाच तो लांब. मार्क सांध्यांना आहेत गं, उताराला नाहीत."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. शहाण्या माणसाचं बोलणं म्हणून मी ते सोडून दिलं.

परीक्षणाच्या दिवशी मला धुऊन पुसून वाचनालयाच्या पायऱ्यांवर टेकवलं. बाहेरून परीक्षक आले होते, मॅडम नवी साडी नेसून आल्या होत्या, वर्तमानपत्राचा फोटोवाला आला होता. आणि व्हीलचेअरवर बसून एक आजोबा आले. माझा ऊर भरून आला. ज्यांच्यासाठी मी जन्मलो ते हेच, असं म्हणून मी पाठ ताठ केली. दोन मुलांनी खुर्ची मागून ढकलली, दोघांनी पुढून ओढली. सगळे जण हाश्शहुश्श करत वर पोचले. टाळ्या पडल्या. फोटो निघाला.

फोटोवाला गेला आणि आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

मला वाटलं, चमत्कार झाला! आजोबांनी पँट झटकली, तीन पायऱ्या टकटक उतरून खाली आले आणि लीडरला म्हणाले, "जमलं का गं नातीच्या मनासारखं? की परत बसू? खुर्ची दवाखान्यात सहाच्या आत द्यायचीय."

"जमलं, आजोबा. एकदम नॅचरल आलंय," लीडर म्हणाली.

मी गार पडलो. ज्या माणसाला माझी काही गरज नव्हती, त्यालाच चौघांनी घाम गाळून माझ्यावरून वर नेलं होतं. आणि सगळ्यांचे चेहरे मात्र खरंच आनंदानं फुललेले. कुणाला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. रंधा तेवढी माझ्या कडेवर हात फिरवत खाली बघत बसली होती.

त्यांना पूर्ण मार्क मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाईमामा आले. मला वाटलं, खिळ्यांनी कायमचा ठोकायला आले असतील. त्यांनी मला उचललं, खांद्यावर घेतलं आणि शाळेच्या मागच्या खोलीत नेऊन भिंतीला उभं केलं. "चला, हाही संपला," असं म्हणून बाहेरून कडी घातली.

संपला? अहो, माझं तर अजून सुरूही झालं नव्हतं!

त्या खोलीत जुने प्रकल्प ठेवलेले होते. पुठ्ठ्याची नगरपालिका होती, तिच्या छपराला घुशीनं भोक पाडलेलं. मतदानाची एक पेटी होती, वर कुलूप आणि तळ उघडा. वाणिज्याच्या मुलांनी काढलेल्या मेणबत्त्यांच्या कंपनीचा माल होता. उन्हाळ्यात तो वितळून सगळ्या मेणबत्त्यांची एकच मेणबत्ती झाली होती. त्या सगळ्यांनाही कधीतरी टाळ्या मिळाल्या असणार. मी रोज कडी वाजायची वाट बघायचो. एकदा सर आले, मला टिचकी मारून पाहिलं आणि शिपाईमामांना म्हणाले, "याचा प्लाय चांगला आहे. पुढच्या बॅचला कापून घेऊ." त्यांच्या आवाजात रागही नव्हता, दुष्टपणाही नव्हता. त्यामुळे तर मी जास्तच हादरलो.

पुढचं थोडं मी रंधाच्या तोंडून नंतर ऐकलं, ते तसंच सांगतो.

गावात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एक ताई होत्या. लहानपणापासून व्हीलचेअरवर. त्यांना वाचनाचं वेड, पण वाचनालयाचं दार त्यांनी रस्त्यावरूनच पाहिलेलं. त्यांचा भाचा पुस्तकं आणून द्यायचा. भाचा चांगला होता, पण पुस्तकांच्या बाबतीत अगदी ढ. पहिला भाग सांगितला तर दुसरा आणायचा, प्रवासवर्णन सांगितलं तर मधुमेहावरचं आणायचा. ताई तेही वाचून काढायच्या. मग त्यांनी वर्तमानपत्रात माझा फोटो पाहिला. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'विद्यार्थ्यांनी केली वाट मोकळी.' भाच्याला सुट्टी असेल तो दिवस त्यांनी धरला, इस्त्रीचे कपडे घातले आणि आल्या.

समोर तीन पायऱ्या, जशाच्या तशा.

त्यांनी ग्रंथपालांना विचारलं, "इथला रॅम्प कुठाय हो?"

"तो मुलांचा प्रकल्प होता, बाई. झाला ना तो." ग्रंथपालांना त्यांनी असं का विचारावं हेच कळेना.

रंधा तेव्हा पुस्तक बदलायला आली होती. ते ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. ताईंना "थांबा हां, दहाच मिनिटं थांबा," एवढं सांगून ती धावत सुटली. लीडरला घरून ओढून आणलं, शिपाईमामांच्या हातापाया पडून कडी काढायला लावली. दार उघडलं, उजेड आत आला, आणि तिचा हात माझ्या कडेला लागला. मला कसं वाटलं ते सांगता येणार नाही.

त्यांनी मला पायऱ्यांवर टेकवलं. ताईंनी मला खालून वर आणि वरून खाली पाहिलं. मग विचारलं, "फोटोत कोण होतं?"

"माझे आजोबा," लीडर म्हणाली.

"त्यांना काय झालंय?"

लीडरनं नजर रस्त्याकडे वळवली. ताईंनी खुर्ची माझ्यासमोर सरळ करून घेतली. भाचा मागे गेला तर त्याला म्हणाल्या, "तू बाजूला हो. चाकं मी फिरवणार. आत जाताना तरी मला कुणी ढकलायला नको."

त्या आल्या. त्यांचे हात मजबूत होते. पहिला जोर, दुसरा जोर. त्यांचं वजन माझ्या पाठीवर आलं. खरं वजन. ज्याची मी इतके दिवस वाट बघत होतो ते. तिसऱ्या जोराला पुढची चाकं माझ्यावरून सुटली आणि हवेत गेली. खुर्ची मागे कलली. मी तसाच खडा उभा होतो, मला वाकता येत नव्हतं, आडवं होता येत नव्हतं. खुर्ची उलटी झाली.

रंधानं झेप घेऊन त्यांचं डोकं धरलं, म्हणून डोकं वाचलं. कोपर मात्र माझ्या त्याच मऊ केलेल्या कडेवर आपटलं आणि रक्त आलं.

मला दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर मी सोसलं असतं. पण ज्यांच्यासाठी माझा जन्म झाला, त्यांनाच मी पाडलं. त्यानंतर किती तरी वेळ मला काही ऐकूच आलं नाही. ऐकू आलं तेव्हा लीडर रडत होती आणि पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती, "पण आम्हाला पूर्ण मार्क मिळाले होते! पूर्ण मिळाले होते!"

भाच्यानं ताईंना उचलून बसवलं. त्यांनी कोपराला रुमाल लावला आणि लीडरकडे बघून म्हणाल्या, "मिळाले असतील गं बाळ. पण वर कोण गेलं?"

लोक जमले. ग्रंथपाल ओरडले, हे लाकूड पुन्हा इथे दिसता कामा नये म्हणाले. मॅडम धावत आल्या. ताईंना किती लागलंय ते पाहायच्या आधी त्यांनी मुलींना विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे बाहेर काढायला?" मला पुन्हा खोलीत टाकलं, आणि या वेळी उताणं.

मला वाटलं, आता करवत. करवत आलीच, पण मी समजलो होतो तशी नाही.

दोन दिवसांनी हाताला पट्टी बांधून ताई भाच्याबरोबर वर्कशॉपमध्ये आल्या. कापायचा म्हणून मला आधीच तिथे आणून ठेवलं होतं. सरांना वाटलं, तक्रार घेऊन आल्यात. ते माफीचं काहीतरी पुटपुटायला लागले. ताई म्हणाल्या, "माफी राहू द्या. तुम्ही जरा या खुर्चीत बसा." भाच्यानं त्यांना उचलून स्टुलावर बसवलं आणि खुर्ची रिकामी केली. वर्गातली मुलं भोवती जमली. सर बसले. "आता त्या दारातून बाहेर जाऊन दाखवा."

दाराला बोटभर उंचीचा उंबरठा होता. सर त्यालाच अडले. एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला, कपाळावर घाम आला. मुलं आधी हसली, मग हसायची थांबली. सरांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. इतकी वर्षं ते त्याच दारातून रोज आत-बाहेर करत होते.

"एक वीत वर चढायचं तर बारा विती पुढे जावं लागतं," ताई म्हणाल्या. "मला कुणी शिकवलं नाही. पडून पडून कळलं."

सर माझ्याजवळ उकिडवे बसले, माझा उतार हातानं चाचपला. मग रंधाला म्हणाले, "तू म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही." आणि नाटकाच्या जुन्या स्टेजच्या फळ्या काढायला स्वतः गेले.

मला कापलं. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मी हूं की चूं केलं नाही. माझे दोन तुकडे झाले, मध्ये स्टेजच्या फळ्या आल्या, वळायला सपाट जागा आली, दोन्ही बाजूंना धरायला कठडा आला, पाठीवर रबराच्या पट्ट्या बसल्या. या कामाला मार्क नव्हते, त्यामुळे गटातले बाकीचे फिरकलेच नाहीत. लीडर मात्र रोज यायची. फाइल आणायची नाही. खिळे धरायची आणि बोटावर हातोडी बसली की दात-ओठ खाऊन पुन्हा धरायची. ताई स्टुलावरून सांगायच्या, "अजून खाली. अजून थोडा खाली घे." ग्रंथपाल नाही-नाही म्हणत होते, त्यांनाही सरांनी एकदा त्या खुर्चीत बसवलं. मॅडमनी शाळेच्या लेटरहेडवर परवानगी आणली, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मग एका दुपारी ताई आल्या. फोटोवाल्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी चाकांना हात घातला. रंधा मागे हात पसरून चालत होती, पण तिनं खुर्चीला हात लावला नाही. पहिला टप्पा झाला. ताई सपाट जागेवर थांबल्या, दम घेतला, वळल्या. दुसरा टप्पा झाला. पुढची चाकं माझ्यावरून उतरली, मागची उतरली, आणि आतल्या फरशीवर त्यांचा आवाज बदलला. मग तोही ऐकू येईनासा झाला.

संध्याकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा मांडीवर एकही पुस्तक नव्हतं. भाचा घाबरला. "काय झालं मावशी? मिळालं नाही का?"

"नाही रे," ताई म्हणाल्या, "काढायला हातच होईना. नुसती कपाटांमधून फिरत होते."

त्याला बरेच दिवस झाले. आता पाणी लागून माझा प्लाय कडेला फुगलाय, एक रबराची पट्टी निघालीय. माझ्यावरून ताई येतात, बाबागाडीतली तान्ही येतात, गुडघे धरलेले आजोबा येतात. लीडरचे आजोबासुद्धा परवा कठडा धरून आले, आणि या वेळी त्यांना खरंच गरज होती. पण तरी मला रोज धक्का बसतो. चांगली शिकलेली, समंजस माणसं येतात, हातातली सायकल माझ्या तोंडाशी उभी करतात, कुलूप लावतात आणि आत जाऊन नागरिकांच्या हक्कांवरची पुस्तकं वाचत बसतात.

ही निळी सायकल तुमचीच ना? मग तेवढी हलवा. ते बघा, कोपऱ्यावरून कुणीतरी येतंय.