झाडाचा रंग

“सर, जांभूळ खाल्लं की जीभ जांभळी होते, मग झाडाचा रंग का नाही बदलत?”

धनश्रीने उभं राहून, वेणी मागे टाकून खणखणीत आवाजात विचारलं. विचारायला लावलं होतं रंजनाने. मधल्या सुट्टीत दोघींनी शाळेच्या फाटकाशी पुडीभर जांभळं संपवली, एकमेकींना जिभा काढून दाखवल्या आणि रंजना म्हणाली, “एवढा रंग पोटात जातो, मग सकाळी कुठे जातो गं? हिंमत असेल तर सरांना विचार. विचारलंस तर गाडीवरचा एक प्लेट गरम लोचो माझ्याकडून.”

गेल्या वर्षीपर्यंत धनश्रीला हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही घाम फुटायचा. मग संमेलनात ती भाषणात पहिली आली काय आणि तोंड उघडलं काय, ते मिटायचं नावच घेईना. शिवाय प्रश्न काही आगाऊपणाचा नव्हता. फळ्यावर रंगीत खडूने जठर काढलेलं, लहान आतडं, मोठं आतडं, आणि देवधर सरांनी नुकतंच सांगितलेलं, की जे पचत नाही ते शेवटी बाहेर पडतं. मग रंग कुठे पडतो? 

अडचण फक्त शब्दाची होती. घरातला शब्द भर वर्गात कसा उच्चारायचा? म्हणून तिने दवाखान्यातला उचलला. गुजराती मुलखातल्या या लिंबायतच्या कुठल्याही दवाखान्यात पोट धरून जा, डॉक्टर गुजरातीत आधी हेच विचारणार, “झाडा केवा छे?” म्हणजे, शौचाला कशी होते? सभ्य, शिकलेला, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला शब्द. वर्गातल्या एकूण एक पोराला ठाऊक.

ठाऊक नव्हता तो एकट्या देवधर सरांना. ते यंदा सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हाच साताऱ्याहून नोकरीला आलेले. प्रश्न ऐकून ते खूश झाले.

“छान! फळाचा रंग फळातच असतो, झाडाचा तो कसा बदलेल? पण तुम्ही शहरातली मुलं झाडाकडे बघताच कुठे? सकाळी उठल्या उठल्या झाड बघावं. हात लावून बघावं.”

पहिल्या बाकावर कुणीतरी रुमाल तोंडात कोंबला.

“सर, वास पण घ्यायचा का?” मागून लखन.

“अर्थात! प्रत्येक झाडाला स्वतःचा वास असतो.”

वर्ग फुटला. पोरं बाकांवर डोकी आपटून हसली. फक्त धनश्री हसत नव्हती, ती उत्तराची वाट बघत उभी होती. शेवटी मॉनिटरने पुढे जाऊन सरांच्या कानात अर्थ सांगितला. सरांचे कान लाल झाले.

“शिक्षकाची चेष्टा करतेस? आणि मुलगी असून असले घाणेरडे विषय? उद्या प्रार्थनेला सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. नाहीतर माझ्या तासाला वर्गात पाय ठेवायचा नाही.”

“पण सर, मी खरंच...”

“बाहेर!”

हसलं कोण? चाळीस जण. वासाचा विषय कुणी काढला? लखनने. बाहेर कोण? धनश्री! शाळा सुटल्यावर ती इतक्या तरातरा चालली, की रंजनाला मागे पळावं लागलं.

“मागून टाक ना गं माफी. दोन शब्द तर आहेत.”

“मागून टाकू? आणि मग पुढच्या वेळी हात वर करेन मी? पुन्हा घुम्यासारखी बसेन. तुला पाहिजे का ती जुनी धना?”

धनश्री वळली ती थेट घराजवळच्या दवाखान्यात शिरली. डॉक्टर एकटेच पेपर वाचत होते.

“तुमच्या शब्दाने मला वर्गाबाहेर काढलं!”

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि ते डोळे पुसेपर्यंत हसले.

“हसू नका! उत्तर द्या. रंग जातो कुठे?”

“बेस बेटा, बेस. सवाल तो सारो छे. चांगला सवाल.” डॉक्टरांनी पेपर बाजूला ठेवला, तिला स्टुलावर बसवलं आणि ते त्यांच्या मोडक्या मराठीत सांगू लागले. “तू घरी जांभळाच्या रसात खाण्याचा सोडा टाक. रंग बदलेल, निळा-हिरवा होईल. लिंबू टाक, लाल होईल. पोटात आंबट, तिथे तो टिकतो. आतड्यात सोड्यासारखं, तिथे तो मोडतो. थोडासा जठरातून, लहान आतड्यातून रक्तात जातो. एकदम थोडा.”

“आणि बाकीचा?”

“मोठ्या आतड्यात. तिथे करोडो जंतू बसलेत. ते त्याला तोडतात, आधी त्याला चिकटलेली साखर काढतात, मग त्याचे बारीक तुकडे करतात. तुकड्यांना रंग नाही. मग त्यातलं बरंच शरीर शोषून घेतं. हल्ली मासिकात अँटिऑक्सिडंट, अँटिऑक्सिडंट छापून येतं ना? हा रंग तेच. पण खाल्ला तसाच्या तसा अंगी लागत नाही, रूप बदलून लागतो. आता फायदा रंगाचा का तुकड्यांचा, ते अजून शोधतायत. मलाही पूरं ठाऊक नाही.”

धनश्री बघतच राहिली. तिच्या पोटात एवढा कारभार चाललेला, मोठमोठे लोक तो शोधतायत, एक डॉक्टर ‘ठाऊक नाही’ म्हणताना लाजत नाही, आणि तिने विचारलं तर घाण? तिचा राग आता पायापासून डोक्यापर्यंत चढला.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. वडील, भटू, कापडाच्या लूमवरून आलेले. मागांच्या खडखडाटात जन्म काढल्यामुळे ते साधं बोलले तरी ओरडल्यासारखं वाटायचं.

“मास्तर शे तो! माफी मागी ले, इषय खतम!”

“पोरनी जात, आन् भर वर्गमा असं बोलनी?” आई, भागीरथी, दाराकडे बघत हळू म्हणाली. “शेजारपाजारना लोके काय म्हणतीन?”

रागात असली की धनश्री गावाकडची बोली सोडून घरातही शाळेतलं मराठी बोलायची.

“काय म्हणतील? आपल्या इथे प्लेग आला त्या वर्षी सरकारी माणसं गाडीवर भोंगा लावून गल्लीगल्लीत ओरडत होती ना, ताप आला का, उलटी झाली का, जुलाब झाले का? तेव्हा कुणी कान झाकले? तेव्हा लाज कुठे गेली होती? मी पचन शिकताना पचनाबद्दल विचारलं. सरांना शब्द कळला नाही, ठीक आहे, ते नवीन आहेत. त्यांनी मला विचारायला हवं होतं, याचा अर्थ काय गं. ते न विचारता मला बाहेर काढलं!”

“आन् वर्गमा नई घेतं तं?” भटूचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “साळा सुटनी तं?”

खरी भीती ती होती. ती धनश्रीलाही होती.

“बाबा, आई, ऐका. सरांना वाईट वाटलं असेल तर त्यांना एकट्याला भेटून शब्दाचा अर्थ सांगेन. पण मी माफी मागणार नाही. त्यांनी वर्गात नाही घेतलं तर खिडकीबाहेर उभी राहून शिकेन, पण विज्ञान सोडणार नाही.”