रुईफुलाच्या खिडक्या

अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी म्हणजे बायाक्काच्या लेखी डब्याचं झाकण. उघडली तर अर्धीच उघडते, लावली तर वाऱ्यानं खडखडते, आणि विकणारा पोरगा वर तोंड करून सांगतो, "आजी, गंज धरत नाही." बायाक्का दुकानाच्या पायरीवरूनच त्याला म्हणाली होती, "गंज धराय आधी अंगात लोखंड असाय लागतंय, बाळा." तिचा मुलगा राजकुमार ते ऐकून हळूच सटकला आणि स्कूटरजवळ जाऊन मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिला.

राजकुमारचं सगळं असंच. उद्यमबागेतल्या कारखान्यात सुपरवायझर, हाताखाली माणसं, पण आई आणि सासरा समोरासमोर आले की ह्याची मान एकाच वेळी दोन्हीकडं डोलायची. पिरनवाडीत त्यानं जागा घेऊन बांधकाम काढलं होतं. वडगावच्या गल्लीतलं घर सोडून सगळ्यांनी तिकडं राहायला जायचं होतं. घर राजकुमारचं, पण हुकूम त्याच्या सासऱ्याचे. टिळकवाडीचे चिंतामणी वकील. कोर्टात जाणं कमी झाल्यापासून लेकीच्या घराचा खटला त्यांनी अंगावर घेतला होता, आणि त्यात फिर्यादीही तेच, न्यायाधीशही तेच.

मुख्य दाराची चौकट उभी केली त्या दिवशी पूजा होती. सवाष्णींनी हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. तेव्हा वकिलांनी जाहीर केलं, "आता खिडक्या. सगळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या. माप घ्यायला माणूस उद्याच पाठवतो."

बायाक्काचा नवरा तम्मण्णा एका विटेच्या ढिगावर बसला होता. उभी हयात मागावर गेलेला माणूस, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "खिडक्या मी करीन म्हणतो. लाकडाच्या."

वकील हसले. त्यांच्याबरोबर त्यांचे दोन पाहुणेही हसले. "तम्मण्णाराव, खिडकी म्हणजे साडी नव्हे. घरच्या घरी आकाशकंदील करावेत, फार तर पाट करावा."

खरं तर असंच काहीसं बायाक्का त्या सकाळी नवऱ्याला म्हणाली होती, आणि त्याहून वाईट शब्दांत. पण नवऱ्याला नावं ठेवायचा मक्ता तिचा होता. तो तिनं कुणा वकिलाला पोटभाड्यानं दिला नव्हता. हातातलं तबक तिनं सुनेच्या, अदितीच्या, हातात ठेवलं आणि पदर खोचला.

"ऐका व्याहीबुवा. ह्या घराच्या खिडक्या आमच्या मागाच्या खोलीत व्हणार. साध्या न्हाय, रस्त्यानं जाणारी माणसं गाड्या थांबवून बघतील असल्या व्हणार. आनि जर का डब्याची झाकणं बसीवलासा, तर ह्या उंबऱ्याच्या आत माझं पाऊल पडणार न्हाय. मी वडगावात मरीन. राजकुमार, ऐकलास न्हवं?"

राजकुमारनं मान डोलावली. दोन्हीकडं.

वडगावच्या मागाच्या खोलीत आता माग उरले नव्हते. यंत्रमाग भंगारात गेले होते. माळ्यावर तम्मण्णाच्या वडलांच्या हातमागाचं सागवान तेवढं पडून होतं, ते त्यानं खाली उतरवलं, आणि कमी पडलं तेवढं लाकूड खानापूरच्या वखारीतून आणलं. मागाची मोडतोड तो पहिल्यापासून हातानंच दुरुस्त करायचा. तेवढ्या भांडवलावर गडी खिडक्या करायला बसला. बायाक्का उंबऱ्यावर पाट टाकून देखरेखीला बसली.

"अवो, रंध्याला जरा जोर लावा. लाकडाला गुदगुल्या करालायसा का?"

"तू आत जा बघू."

"आत जाऊन काय करू? माज्या आधी भुसा गेलाय आत. सकाळच्या आमटीत बी व्हता. तुमी मिटक्या मारून खाल्लासा."

पहिली चौकट जुळली तेव्हा तम्मण्णा लांब उभा राहून तिच्याकडं बघत होता, नव्या नवरीकडं बघावं तसा. बायाक्कानं नाक मुरडलं.

"ही बघाय कोण गाडी थांबवंल? म्हशीबी थांबायच्या न्हाईत."

"मग काय करू?"

"काठ घाला. जल्मभर बायकांच्या साड्यांस्नी काठ घातलासा, आपल्या खिडकीला घालाय काय झालं?"

म्हणून मग तम्मण्णानं रुईफूल घातलं. साडीच्या काठावर एकापुढं एक येतं तसंच, चारी बाजूंनी, बारीक पटाशीनं कोरलेलं. झडपांवरही वरखाली तोच काठ. हात कापले, बोटाला चिंध्या बांधल्या, पण नक्षी उतरली मात्र देखणी. बायाक्काला ती आवडली. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. शेजारच्या शालूबाईला सांगितलं, तेही भिंतीपलीकडून, गल्लीला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

काम करायची तम्मण्णाची एक रीत होती. नक्षी कोरून झाली की तो लाकूड जुन्या वाकळेवर पालथं घालायचा आणि मग झडप बसायची खाच, बिजागरीची जागा, सगळं वरच्या उघड्या अंगाला करायचा. विणकराला ह्यात नवल कसलं? मागावर साडीची सुलट बाजू खालीच असते. माणूस दिवसभर उलटी बाजू बघत बसतो, दोऱ्यांची टोकं बघतो, आणि खाली चांगलं उतरतंय असं धरून चालतो. तम्मण्णाचा हात तसाच वळलेला. बायाक्कानंही लग्न होऊन आल्यापासून त्याच खोलीत मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. चांगलं अंग खाली आणि काम वर, हे तिला इतकं सवयीचं होतं, की रोज उंबऱ्यावर बसून, भुश्यावरून आणि रंध्यावरून बोलणारी ती, ह्या एका गोष्टीवर चकार शब्द बोलली नाही.

सगळ्या खिडक्या टेम्पोत घालून पिरनवाडीला नेल्या त्या दिवशी चिंतामणी वकील आधीच येऊन बसले होते. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. पांढरी पँट, हातात पेपर.

"आणल्या का तुमच्या हस्तकला?" ते म्हणाले.

"आणल्या. चष्मा पुसून घ्या," बायाक्का म्हणाली.

महादेव गवंड्यानं पहिली चौकट भिंतीतल्या मोकळ्या जागेत उभी केली, नक्षी बाहेर, रस्त्याकडं. मग आत येऊन झडप अडकवली आणि बाहेर ढकलली. झडप जाईना. त्यानं जोर लावला. मग आत ओढली, तर ती सुतासारखी आत आली.

"अण्णा," तो तम्मण्णाला म्हणाला, "ही आत उघडतीया."

"आत कशी उघडंल?"

"तुमीच बघा की."

तम्मण्णा जवळ गेला. खाचेतून बोट फिरवलं, वळसा घालून बाहेर गेला, नक्षी बघितली, परत आत आला. त्याचं तोंड उतरलं.

"अगं," तो हळूच बायाक्काला म्हणाला, "नक्षी खाली घालून खाच मारलो मी. खाच ह्या अंगाला आली, नक्षी त्या अंगाला ऱ्हायली."

"किती खिडक्यांस्नी?"

"समद्यांस्नी."

वकिलांनी पेपराची घडी घातली. एवढा आनंद त्यांना जिंकलेल्या खटल्यातही झाला नसेल. "म्हणजे उलट्या खिडक्या! वा. नक्षी रस्त्याला दाखवायची तर झडपा घरात उघडणार, आणि झडपा बाहेर उघडायच्या तर नक्षी घरात. राजकुमार, लाव रे त्या माणसाला फोन."

राजकुमारनं फोन काढला. आईकडं बघितलं. फोन तसाच हातात धरला.

बायाक्का आधी नवऱ्यावर गेली, कारण तो जवळ होता. "डोळे काय वखारीत ठिवून आलतासा? कापड हाय का हे, घडी उलटी घातली की सुलट व्हाय?"

"तू बी बसलीवतीस की तिथं रोज," तम्मण्णा म्हणाला.

बायाक्कानं लगेच मोहरा वकिलांकडं वळवला. "आत उघडली म्हणून काय आभाळ कोसळलं? दार आतच उघडतंय न्हवं? दाराला कोन उलटं म्हणतंय? महादेव, नक्षी भायेरच. बसीव."

"आक्का, पावसाचं पाणी आत यील. हितला पाऊस आडवा मारतोय."

"यीना का. आमाला फडकी हायत, हात हायत."

"मी सांगतोय ते—"

"गवंडी हाईस का वेधशाळा? बसीव."

महादेवनं बसवली. सिमेंट दाबलं, बाहेरून टेकू दिला, झडपा ओढून घेतल्या. रस्त्यावरून खरोखरच देखणी दिसत होती. बायाक्का बाहेर जाऊन बघून आली, आणि आत येऊन वकिलांसमोरच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अदिती सासू आणि बाप दोघांकडं न बघता विटा मोजल्यासारखं करत होती.

तेवढ्यात बाहेर कामावरची बाई भिंतींना पाणी मारायला आली. पाइप सोडला तिनं भिंतीवर, मग तसाच पुढं सरकत खिडकीवर. बंद झडपांवरून पाणी ओघळलं, खालच्या पट्टीवर साठलं, आणि अडवायला तिथं काहीच नसल्यामुळं झडपांखालून आत आलं. बारीक धार नव्हे, चांगला लोंढा. खिडकीखाली वकिलांची खुर्ची होती.

"अरे! साकु! नीरू साकु!" पाणी पुरे म्हणून वकील कन्नडमध्ये ओरडत उठले, तरी बाईला ऐकू जाईपर्यंत पाठ, पँट आणि पेपर सगळं भिजलं होतं.

एरवी बायाक्का पोट धरून हसली असती. महिनाभर गल्लीत तेच सांगितलं असतं. पण ती बघत होती जमिनीकडं. पाणी खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं. नवऱ्याला बोलता येतं, वकिलाला बोलता येतं, गवंड्याला येतं. पाण्याला काय बोलणार?

"राजकुमार!" वकील पँट झटकत कडाडले. "आता तरी?"

राजकुमारनं नंबर लावला. "हॅलो, हां, खिडक्यांचं माप घ्यायचं होतं..."

बायाक्काला सगळं एका क्षणात दिसलं. डब्याची झाकणं, त्यामागं बसलेले वकील, आणि वडगावच्या रिकाम्या मागाच्या खोलीत ती आणि तम्मण्णा, एकमेकांची तोंडं बघत. बोललेला शब्द ती मागं घेणारी नव्हती. आणि नक्षी रस्त्याला दाखवायची हौस धरून बसली, तर तो शब्द तिलाच घराबाहेर ठेवणार होता.

"फोन ठेव," ती म्हणाली.

"आई, पण—"

"ठेव म्हणाले न्हवं? महादेव, काढ ती. सिमेट वाळायच्या आत काढ. फिरीव."

"फिरवली तर नक्षी आत जाईल, आक्का. रस्त्याकडनं नुसत्या फळ्या दिसतील."

"मला डोळे हायत."

तम्मण्णा चाचरत म्हणाला, "तूच म्हणालतीस, माणसांनी गाड्या थांबवून बघाय पायजे."

"म्हणालते. आता मीच म्हणतेय, नको थांबाय. गाड्या थांबल्या की धूळ उडतीया, हॉर्न वाजत्यात. रस्त्यानं जाणाऱ्यांनी आमच्या घराला एक वीट तरी आणून दिलीया व्हय, त्यास्नी रुईफूल दाखवाय? काढ रं महादेव, बघत काय उभारलास!"

महादेवनं खिडकी काढली, फिरवली, परत बसवली. ह्यावेळी बायाक्कानं स्वतः पाइप घेतला आणि बाहेरून पाणी मारलं. लांबूनच ओरडली, "आलं का आत?"

"न्हाय," आतून तम्मण्णाचा आवाज आला.

"व्याहीबुवास्नी विचारा. त्यास्नी बसवा खिडकीखाली. भिजल्यालेच हायत तसंबी."

वकील तोवर लेकीकडून टॉवेल घेऊन गाडीत जाऊन बसले होते.

वास्तुशांतीच्या दिवशी बायाक्का ताठ मानेनं उंबरा ओलांडून आत गेली. वडगावची मंडळी बसनं आली. शालूबाई फाटकातच थबकली आणि कपाळावर हात आडवा धरून भिंतीकडं बघायला लागली.

"बायाक्का, अगं रुईफूल कुठं? ह्या तर नुसत्या फळ्या! शेंगांचं खोकं खिळल्यागत."

मांडवात खुर्चीवर बसलेले वकील पाहुण्यांना मोठ्यानं म्हणाले, "उलट्या आहेत हं त्या. मुद्दाम विचारा."

बायाक्कानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. शालूबाईचं मनगट धरलं आणि तिला ओढतच पुढच्या खोलीत नेलं. दुपारचं ऊन झडपांच्या फटीतून आत येत होतं, आणि चौकटीच्या चारी अंगांवर फुलांच्या सावल्या खोल झाल्या होत्या. शालूबाईनं काठावरून हळूहळू बोट नेलं, कोपऱ्यात थांबली, परत नेलं. तिनंही जन्मभर मागावर हाच काठ उलट्या बाजूनं बघितला होता.

"लई बेस झालंय गं," ती शेवटी म्हणाली. "पण भायेरनं कुणाला कळायचं न्हाय की."

"न्हाय कळायचं."

"वाईट न्हाय वाटत तुला?"

बायाक्का उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेर बोलणं ऐकू आलं. शेजारच्या प्लॉटवरच्या दोन बायका रस्त्यावर उभ्या राहून खिडकीकडं बोट दाखवत होत्या. एकीनं काहीतरी म्हटलं, दुसरी तोंडावर पदर घेऊन हसली. बायाक्कानं झडप बाहेर ढकलून उघडली. बायका चपापल्या. ती आता आत बोलावील, पेढा देईल, म्हणून एकीनं चपलेतून पाय अर्धा काढलासुद्धा.

बायाक्कानं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"बघून झालं? मग व्हा म्होरं," ती म्हणाली, आणि झडप लावून घेतली.