हरलेल्याच्या खुर्चीसमोरची ढाल

मित्रांनो, ढाल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि उडालेली धूळ उभी राहत असेल. मी तसली नव्हे. माझ्यावर आजवर एकही वार झालेला नाही. झालेच असतील तर चहाचे शिंतोडे. मी एक जुनी, बक्षिसाची ढाल आहे. वकिलांच्या एका कचेरीत, जेवायच्या खोलीत, हात धुवायच्या नळाच्या वर मला टांगले आहे. माझे वय झाले. काल कोण आले आणि कोण गेले ते आज आठवत नाही, पण जुने मात्र सगळे लख्ख दिसते. पुसट होण्याआधी तुम्हाला सांगून टाकते.

एका सुताराने जाड फळीतून मला कापले. मग मी अक्षरे कोरणाऱ्या कारागिराकडे गेले. त्याचे दुकान इतके लहान होते की तो उठला की त्याच्या बायकोला बसावे लागे. त्याने पितळेच्या पत्र्यावर बारीक छिन्नीने अक्षरे कोरली आणि बायकोने मला लिंबाने घासून चकचकीत केले. माझ्यावरची ओळ अशी होती: ‘जिथे काम करणारी माणसे समाधानी आहेत, त्या कचेरीस.’ कोरून झाल्यावर त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली.

बायको म्हणाली, “म्हणजे ही आपल्या दुकानात काही राहायची नाही.”

दोघेही खूप हसले. त्या हसण्यातच माझा जन्म झाला, असे मी मानते.

वकिलांच्या संघाने मला करवून घेतले होते. दर वर्षी संघाचे पंच निरनिराळ्या कचेऱ्यांत जात, तिथल्या माणसांशी बोलत आणि जी कचेरी त्यांना पटे तिच्या नावाची पट्टी माझ्या अंगावर ठोकली जाई. वर्षभर मी त्या कचेरीत राहायचे. पहिल्याच वर्षी मी ज्या कचेरीत गेले, तीच माझे माहेर ठरली.

ती कचेरी थोरल्या बाईंची. त्या स्वतः मोठ्या वकील होत्या आणि त्यांचा सख्खा भाऊ त्यांच्या हाताखाली वकिली करी. त्याला सगळे ‘धाकटे’ म्हणत, डोक्यावरचे केस गेले तरी धाकटेच. दारातल्या टेबलावर मावशी बसत. आल्यागेल्याची विचारपूस, टेलिफोन आणि सगळ्यांची लग्ने-बाळंतपणे हे खाते त्यांचे. मावशी कोणाच्या मावशी होत्या हे कोणालाच माहीत नव्हते.

त्या कचेरीत एक रीत होती. वकील म्हटला की कधी खटला जिंकतो, कधी हरतो. हरलेला माणूस न्यायालयातून परतला की चेहरा लपवत फिरतो, तुम्ही परीक्षेनंतर फिरता तसाच. इथे मात्र जो हरून येई त्याने दुपारच्या जेवणाला थोरल्या बाईंच्या खुर्चीत बसायचे. उंच पाठीची खुर्ची, डावा हात जरा खिळखिळा. बाई स्वतः बाजूच्या बाकावर बसत. प्रत्येकाने आपल्या डब्यातला एक घास हरलेल्याच्या ताटात वाढायचा. आणि जेवताना खटल्याचे नाव काढायचे नाही. जो काढील त्याने सगळ्यांचे डबे घासायचे. चूक कुठे झाली, साक्ष कशी फसली, ते सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी. बाई म्हणत, उपाशी माणसाला शहाणपण शिकवू नये, त्याला ते पचत नाही.

पहिल्या वर्षी पंचांत एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. त्या न कळवता जेवणाच्या वेळीच जाऊन पोचल्या. मोठ्या खुर्चीत बसलेल्या तरुणाला त्यांनी कचेरीचा मालक समजून नमस्कार केला. तो बिचारा तोंडातला घास गिळून उभा राहिला आणि म्हणाला, “मालक नाही हो मी. मी आज हरलोय.” बक्षीस देण्याच्या समारंभात न्यायाधीशबाईंनीच हा किस्सा सांगितला आणि टाळ्या थांबेनात. माझ्या अंगावरची पहिली पट्टी त्या एका वाक्याने लागली, मित्रांनो.

त्यानंतर जे झाले ते मी दारातल्या भिंतीवरून पाहिले. वर्तमानपत्रात माझे छायाचित्र छापून आले. नुकते शिकून बाहेर पडलेले हुशार वकील या कचेरीचा पत्ता शोधत येऊ लागले. पगार इतर ठिकाणी जास्त होता, तरी येत. आणि त्यांच्यामागून कामे घेऊन अशिले येऊ लागली. अशील म्हणजे ज्याचा खटला असतो तो माणूस. बिस्किटांच्या कारखान्याच्या मालकीणबाई आल्या, तेव्हा मावशींनी त्यांना सहज विचारले की एवढ्या मोठमोठ्या कचेऱ्या सोडून इकडे कशा वळलात. त्या म्हणाल्या की तिकडे दर खेपेला नवा वकील समोर येतो, जुना सोडून गेलेला असतो, आणि आपली रडकथा पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. जिथून माणसे पळून जात नाहीत तिथे निदान एकदाच सांगून भागेल. मला तेव्हा पहिल्यांदा उमगले की मी नुसती शोभेची नाही. मी दारावरच्या दिव्यासारखी आहे. दिवा बघून माणूस दार वाजवतो.

पण दिव्याचे काम दारापर्यंतच. आत काय चालले आहे, ते दिव्याच्या हाती नसते.

कामे वाढली. कचेरी मोठ्या, नव्या इमारतीत गेली. थोरल्या बाईंचे गुडघे थकले आणि त्या येईनाशा झाल्या. कारभार धाकट्यांकडे आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. कोणाच्या घरी आजारपण आले तर न मागता रजा देणारा, गाडी पाठवणारा माणूस. पण त्यांचा जीव माझ्यावर जडला. मला काचेच्या कपाटात ठेवले, वर दिवा लावला. कचेरीच्या प्रत्येक कागदावर माझे चित्र आले. मी दर वर्षी फिरून तिथेच येत होते. नव्या जागेत जेवणाचे मोठे टेबल काचेच्या भिंतीआडच्या खोलीत होते आणि दुपारी तिथे अशिले बसू लागली. खिळखिळी खुर्ची बाईंच्या आग्रहाने सोबत आली होती खरी. पण आज कोण हरले ते आल्यागेल्याला दिसू नये, असे धाकट्यांना वाटे. त्यांनी एवढेच सांगितले की पाहुण्यांसमोर नको, आतल्या खोलीत बसा. आतली खोली म्हणजे फायलींची अडगळ. मग लोक आपापल्या टेबलावर जेवू लागले. रीत कोणी मोडली नाही. ती नुसती कोणी पाळेना. मला रोज पुसले जात होते आणि माझ्यावरची ओळ मात्र कोणी वाचत नव्हते.

अशा दिवसांत चिमणी आली. आवाज बारीक, म्हणून पहिल्याच दिवशी मावशींनी हे नाव ठेवले. शिकताना तिने वर्तमानपत्रातले माझे छायाचित्र कापून पुस्तकात जपले होते. दुसरीकडची जास्त पगाराची नोकरी तिने नाकारली, तेव्हा आई रागावली होती. चिमणीने तिला सांगितले की अशी एक कचेरी आहे, जिथे हरलेल्याला खुर्ची देतात. आल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि ओळ शेवटपर्यंत वाचली. कितीतरी वर्षांनी कोणीतरी वाचली. मला तर भरून आले.

एका सोमवारी ती हरली. शिवणकामाच्या कारखान्यातून काढून टाकलेल्या एका बाईचा खटला होता. ती बाई चिमणीच्या गळ्यात पडून रडली होती, हे चिमणी परतल्यावर मावशींना सांगत होती. जेवणाच्या सुट्टीत चिमणी डबा घेऊन बाहेर आली, काचेपलीकडच्या टेबलाकडे पाहिले. तिथे धाकटे कुठल्याशा बँकेच्या लोकांशी बोलत होते. सहकारी आपापल्या जागी मान खाली घालून जेवत होते. कोणी दुष्ट नव्हते. तिला बोलावे तरी काय, हे त्यांना सुचत नव्हते, एवढेच. ती माझ्या कपाटाखालच्या बाकावर बसली. डबा उघडलाच नाही. मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. बुधवारी ती मावशींना म्हणाली की महिनाअखेरीस मी जाणार, इथलीही माणसे इतर ठिकाणच्यासारखीच आहेत. थोरल्या बाईंना कळवावे म्हणून की काय, मावशींनी फोनचा रिसीव्हर उचलला आणि नंबर न फिरवताच परत ठेवला.

आणि गुरुवारी पंच येणार होते. कचेऱ्या मोठ्या झाल्यापासून ते वार कळवून येत. सकाळपासून धावपळ चालली होती. धाकट्यांनी टेबल मोकळे करवले, खिळखिळी खुर्ची अडगळीतून काढून पुसवून घेतली, सगळ्यांना डबे घेऊन तिथे बसायला सांगितले. मग ते चिमणीकडे आले आणि अगदी प्रेमाने म्हणाले की आज तू त्या खुर्चीत बस. ती खरोखरच हरलेली होती, तेव्हा यात खोटे काही नाही, असा त्यांचा हिशेब.

चिमणी माझ्याखालीच उभी होती. तिचा बारीक आवाज त्या दिवशी मला फार स्पष्ट ऐकू आला.

“साहेब, मी सोमवारी हरले. आज गुरुवार आहे. सोमवारी ही खुर्ची कुठं होती?”

मावशींनी मान वर केली नाही, पण बोलल्या. “थोरल्या बाई असत्या तर सोमवारीच बसवलं असतं हिला. पंच येवोत न येवोत.”

इतक्यात दारात काठीचा आवाज आला. पंच आले होते, आणि त्यांच्यात त्याच जुन्या न्यायाधीशबाई होत्या, आता पाठीत वाकलेल्या. चिमणी आत गेली, पण खुर्चीत न बसता बाजूच्या बाकावर जाऊन बसली. काचेपलीकडे सगळे टेबलाभोवती जमले आणि मोठी खुर्ची रिकामी राहिली. मला वाटले, आता धाकटे काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतील. जन्मभर वकिली केलेला माणूस, शब्दांना काय तोटा? पण ते खुर्चीपाशी गेले, खिळखिळा हात धरून सावकाश बसले.

न्यायाधीशबाईंनी हसून विचारले, “म्हणजे आज आपण हरलात वाटतं?”

“हो,” धाकटे म्हणाले. “खटला हिचा गेला, सोमवारी. तीन दिवस ही एकटी बसली आणि मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यंदा ढाल दुसऱ्या कोणाला तरी द्या.”

मग मावशी उठल्या, चिमणीसमोरचा डबा त्यांनी उघडला, आपल्यातला एक घास त्यात वाढला. आणि धाकट्यांकडे न बघता म्हणाल्या, “साहेब, जेवताना खटल्याचं नाव काढलंत. डबे तुमच्याकडे.”

आधी न्यायाधीशबाई हसल्या. मग सगळेच. चिमणी हसता हसता डोळे पुसत होती. एकेक जण उठून तिच्या डब्यात घास वाढू लागला, आणि काहींनी धाकट्यांच्या ताटातही वाढला. जेवण झाल्यावर बाह्या दुमडून नळाखाली डबे घासणारे धाकटे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. चांगले घासत नव्हते. मावशींनी दोन डबे परत दिले.

त्या वर्षी मी तिथून गेले. धाकट्यांनी स्वतः मला कापडात गुंडाळले. मग मी कितीतरी कचेऱ्या पाहिल्या. काही खरोखर चांगल्या होत्या, काहींत पंच येण्याच्या आठवड्यातच फुले दिसत. शेवटी माझ्या अंगावर पट्टी लावायला जागा उरली नाही. संघाने काचेचे नवे बक्षीस काढले आणि मी संघाच्या कपाटात, जुन्या पडद्यांखाली जाऊन पडले. पितळ काळे पडले. वाळवीने एक कोपरा खाल्ला. मित्रांनो, अंधारात पडून राहण्याचे दुःख नसते. आपण कशासाठी होतो हे कोणाला आठवत नाही, याचे असते.

एके दिवशी पडदा बाजूला झाला आणि एक बारीक आवाज म्हणाला, “नको असेल तर ही मला द्या.” केस पिकले होते, पण आवाज तोच. चिमणी तेव्हा महिनाअखेरीस गेली नव्हती. आता थोरल्या बाईंच्या जागी तीच आहे. मला पुसताना तिने मधल्या वर्षांची सगळी हकिगत सांगितली. मी गेल्यावर काही अशिले सोडून गेली होती. बिस्किटवाल्या बाईंनी मात्र रिकामे कपाट पाहून विचारले, ढाल कुठे गेली? मावशींनी खरे ते सांगितले. बिस्किटवाल्या बाई म्हणाल्या, “ढाल बघून मी आत आले, पण बसले ती माणसं बघून. ती आहेत ना?” आणि पुढच्या कामाचे कागद टेबलावर ठेवले.

चिमणीने मला दारात लावले नाही. दारात काचेचे नवे बक्षीस आहे. ते गेल्या वर्षी पुन्हा इथेच आले. मला तिने इथे, नळावर लावले, खुर्चीच्या समोर. इथे अशिलांची नजर माझ्यावर पडत नाही, डबे धुताना पाणी मात्र उडते. कधी कधी महिना महिना कोणी पुसत नाही. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

पण माझी विनवणी पुसण्यासाठी नाही. तुम्हालाही शाळेत ढाली मिळतील, कप मिळतील, भिंतीवर नावे लागतील. ती जपा, जरूर जपा. मात्र बक्षीस ज्या गोष्टीसाठी मिळाले ती गोष्ट आधी जपा. पितळ लिंबानेही उजळते, त्या गोष्टीला मात्र रोज माणूस लागतो. आणि तुमच्या वर्गात कोणी डबा न उघडता बसलेला दिसला, तर पंच यायची वाट पाहू नका.

आता थांबते. जेवणाची सुट्टी झाली आहे. आज एक नवा मुलगा पडलेल्या चेहऱ्याने दारात उभा आहे, आणि चिमणी बाकावर सरकून त्याला खुर्ची दाखवते आहे.