शेवटच्या ताक्यातला वार

“इथं जरा रोकतो,” असे म्हणत गोपीनाथने रिमोट पुढे केला आणि पडद्यावरचा समुद्र थरथरत थांबला. “पानी बघा, भिया. कांचेसारखं. गळ्यापर्यंत उभे राहा, खाली आपले पाय दिसतात.”

दिवाणखान्यातल्या सतरंजीवर बसलेल्या अकरा जणांनी ते पाणी पाहिले. अकराही जण एकाच मिलचे कामगार होते आणि त्या मिलचे दरवाजे बंद होऊन पाच वर्षे झाली होती. रविवारची दुपार होती. पहिली पंगत उठली होती. दाल आणि कणकेच्या तुपाळ बाफल्यांनी अंगे जड झाली होती आणि मागच्या अंगणात दुसऱ्या पंगतीचे बाफले गोवऱ्यांच्या आगीवर शेकत होते. गोपीनाथ त्यांच्या युनियनचा सेक्रेटरी होता. मिल बंद करण्याच्या करारावर कामगारांच्या बाजूची सही त्याची होती. आता सांवेर रोडवरच्या कारखान्यांना तो रोजंदारीची माणसे पुरवीत असे, आणि अशाच एका कारखान्याच्या मालकाने खूश होऊन त्याला सपत्नीक आठ दिवस थायलंडला धाडले होते. आजची पंगत आणि ही कॅसेट त्या प्रवासाच्या प्रीत्यर्थ होती.

“या दिवशी प्रोग्राम काहीच नव्हता,” गोपीनाथ सांगत होता. “फ्री डे. सकाळी नारळपानी पिलं नी वाळूत पडलो. मग खाल्लं. मग परत पडलो. मी हिला म्हटलं, वसुंधरा, अपन जिंदगीत पहिल्यांदा काम न करता दमलो.”

हशा झाला. त्यात शामचा आवाज सर्वांत मोठा होता. शाम मिलमध्ये जॉबर, म्हणजे विणकरांचा मुकादम होता, बावीस साच्यांवर, म्हणजे मागांवर, त्याची नजर असे. आता तो खजराना मंदिरापाशी नारळाच्या दुकानावर बसत असे. घडीखात्यातल्या नथूला इथे आणले होते त्यानेच. “खायला चल,” तो म्हणाला होता, “रागवायला घर आहेच की तुला.”

“नथूभाऊ, तुम्हाला तर खास बोलावलं मी,” गोपीनाथ म्हणाला. “तुमच्या बुद्धाचा देश आहे यार तो. पुढे मंदिर येतं कॅसेटमधे, पूरा सोन्याचं. बसल्या बसल्या हात जोडून घ्या.”

“विहार म्हणतात,” नथू म्हणाला.

“हौ, तेच ते.”

समुद्र पुन्हा हलू लागला. आता झाडाखालची सावली दिसत होती. सावलीत पसरलेली चादर, चादरीवर गोपीनाथची पत्नी वसुंधरा, तिच्या डोक्यावर गवती टोपी आणि समोर खाण्याची आरास. कॅमेरा धरणाऱ्याने हौसेने एकेका पदार्थावर जाऊन यावे तसे चित्र पुढे सरकत होते: तळलेला अख्खा मासा, कोरून होडी केलेले अननस, नारळाच्या रश्शाचा वाडगा, आणि या सगळ्याच्या मधोमध कातरीने उघडलेली इंदुरी शेवेची पिशवी.

“शेव घरून नेली होती,” गोपीनाथ म्हणाला. “त्यांच्या भातावर टाकली तेव्हा कुठे घास उतरला.”

कॅमेरा शेवेवर वाकला, मग पिशवीच्या कडेने घसरून चादरीवर क्षणभर रेंगाळला. चादरीवर फिकट निळे, लांबट ठसे होते. ते ओळीने होते, आणि प्रत्येकापुढे काहीतरी लिहिलेले होते.

“मागे घ्या,” नथू म्हणाला.

“मंदिर पुढे आहे, नथूभाऊ.”

“मागे घ्या म्हटलं.”

*

नथूने चौतीस वर्षे घडीखात्यात कापड तपासले होते. साच्यावरून उतरलेला कापडाचा ताका उजेडाच्या मेजावरून त्याच्या हातांखालून जाई आणि जिथे धागा तुटला असेल, वीण विरळ झाली असेल, तिथे तो काठाला लाल दोऱ्याची गाठ मारी. ताक्याची किंमत त्या गाठींवर ठरे. म्हणून विणकर त्याला भीत आणि मनातून शिव्याही देत. त्याने कोणाचीही गाठ चुकवली नाही, मित्राचीही नाही.

त्याचा मित्र रत्नपाल विणकर होता. ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हती. रत्नपालचा बाप त्याच मिलमध्ये कचरा काढीत म्हातारा झाला. साचे खात्याचा उंबरा त्याला ओलांडू दिला गेला नाही, कारण तिथे आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्याने ओठांना लावावा हे कोणाला मानवणारे नव्हते. रत्नपाल त्या उंबऱ्याच्या आत गेला तो भांडून गेला. पहिले वर्षभर त्याचा धोटा लोक चिमटीत धरून बाजूला ठेवीत. तिसाव्या वर्षी त्याच्या साच्यासारखे कापड खात्यात दुसऱ्या कोणाचे उतरत नव्हते.

मिलचा शेवटचा ताका त्याच्याच साच्यावर होता. शेवटचा भोंगा झाला आणि पट्टा थांबला तेव्हा दोन वार विणायचे राहिले होते. शामने इंजिनखान्यात जाऊन हातापाया पडून पट्टा पुन्हा सुरू करविला. थांबलेला साचा पुन्हा सुटतो तेव्हा कापडावर आडवी, बारीक, विरळ पट्टी उठते; ती कोणालाही टाळता येत नाही. नथूच्या बोटांना ती लागली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने दोष सापडूनही लाल दोरा बांधला नाही.

ताका चाळीस वार भरला. कंपनीच्या गोदामात तो जमा झाला नाही. दोन्ही खात्यांतल्या एकेचाळीस जणांनी त्याच्या टोकावर शाईचे अंगठे उमटवले, पुढे नावे लिहिली, आणि ठरविले की आपल्यातला जो जाईल त्याच्या अंगावर या ताक्यातला एक वार पडेल. कापड विणून आयुष्य काढलेल्या माणसाला शेवटचे वस्त्र बाजारातून आणायला लागू नये, एवढाच त्यातला विचार. “चाळीस वार नी एकेचाळीस माणसं,” रत्नपाल तेव्हा म्हणाला होता. “बघा बुवा, एकाला मरता यायचं नाही.” ताका युनियनच्या कपाटात गेला. किल्ली सेक्रेटरीकडे, म्हणजे गोपीनाथकडे राहिली. पहिल्या चार वर्षांत सात जण गेले. सातांना त्यांचा वार मिळाला.

रत्नपाल आठवा. त्याच्या छातीत कापसाची धूळ होती. सरकारी इस्पितळात तो महिनाभर उशाला टेकून श्वास मोजीत होता. मृत्यूच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, त्याने नथूला जवळ बोलावून विचारले, “माझा वार आहे ना ठेवलेला?”

“कपाटात आहे,” नथू म्हणाला. “मी स्वतः फाडीन. तू कशाला काळजी करतो?”

दुसऱ्या दिवशी तो गेला. कुलूप तोडून कपाट उघडले तेव्हा ते रिकामे होते. गोपीनाथ परदेशी गेलेला. रत्नपालच्या बायकोने, धम्मदीनाने, काही विचारले नाही. बाजारातून पांढरे कापड आले, इतकेच. परत आल्यावर गोपीनाथने सांगितले की ताक्याला वाळवी लागली, म्हणून फेकला. कपाट लोखंडाचे होते. लोखंडाच्या कपाटात वाळवी लागते, हेही नथूने ऐकून घेतले होते, कारण माणूस खोटे बोलेल यापेक्षा वाळवी लोखंडावर चढेल हे मानणे त्याला त्या दिवसांत सोपे गेले.

*

चित्र मागे आले आणि थांबले. निळे अंगठे थरथरत राहिले. माशाच्या ताटलीची कड त्यांतल्या चौघांवर टेकली होती. पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने आपली तारीख आणि वेळ छापली होती: सोळा दोन सत्त्याण्णव, दुपारचे एक वाजून दहा मिनिटे.

तो रविवार नथूला माहीत होता. एक वाजून दहा मिनिटांनी तो इस्पितळात लोखंडी स्टुलावर बसून, ‘कपाटात आहे’ असे म्हणत होता.

इतरांनाही दिसले होते. आपला अंगठा कोणाला ओळखू येत नाही? शामने बोटाला लागलेले तूप चाटता चाटता हात खाली घेतला. तेवढ्यात वसुंधरा लाडवांचे ताट घेऊन आली. थांबलेल्या पडद्याकडे पाहून ती प्रसन्नपणे म्हणाली, “अगोबाई, मी किती जाड दिसते त्यात.”

“वहिनी, ती चादर कुठली?” नथूने विचारले.

“ती होय? यांनी युनियनच्या ऑफिसातून कापड आणलं होतं ना, पडूनच होतं म्हणाले. मी टेलरकडून चार चादरी शिवून घेतल्या, उरल्यात तकिये. असं सूत आता मिळतच नाही हो, वाळू बिलकुल चिकटत नाही. ही एक नेली होती, तर तिच्यावर नारळाचा रस्सा सांडला. डाग काही जाईना. मग बाफल्यांना काढून दिली.”

“बाफल्यांना.”

“हो, मागं आहे की. काही चुकलं का?”

तिचे काही चुकले नव्हते. तिला कोणी काही सांगितलेच नव्हते, आणि हे तिच्या चेहऱ्यावर इतके स्पष्ट दिसत होते की नथूला तिच्यावर रागावताही येईना. तो उठला आणि मागच्या दाराने अंगणात गेला.

आगीपाशी स्वयंपाक्याने राखेतून काढलेले बाफले चादरीत ओतले होते. चादरीची चारी टोके एकत्र धरून तो ती खसाखसा हलवीत होता. बाफल्यांची राख अशीच झडते. राख झडली की ते तुपात जातात, आणि तुपातून पानात. अर्ध्या तासापूर्वी नथूने असे दोन बाफले खाल्ले होते, आणि चांगले झाले आहेत असेही म्हटले होते.

“ठेव खाली,” तो म्हणाला.

स्वयंपाक्याने त्याचा चेहरा पाहून चादर खाली ठेवली. नथूने बाफले एकेक करून परातीत काढले. मग तो कापडावर गुडघे टेकून बसला आणि काजळलेल्या, तेलकट पृष्ठभागावरून बोटे फिरवू लागला. शिवणीपासून दीड हातावर बोटे थांबली. आडवी, बारीक, विरळ पट्टी.

गोपीनाथ दारात आला होता. त्याच्यामागे बाकीचे.

“नथूभाऊ, तमाशा नको यार,” तो हळू आवाजात म्हणाला. “दोन चादरी अजून कोऱ्या आहेत घरात. घेऊन जा. वाटा सगळ्यांना.”

“वाळवी लागली म्हणाला होता तू.”

पाच वर्षे नथू त्याला ‘तुम्ही’ म्हणत होता. त्याच्याही आधी, गोपीनाथ बदली कामगार म्हणून घडीखात्यात आला तेव्हा, कापडाचे काठ कसे धरावेत हे त्याला नथूनेच शिकविले होते.

“मतलब काय बोलायचं होतं मी? पूरी मिल गेली. मशीन भंगारात गेली, छप्परचे पत्रे गेले, त्याचं कोणाला दुःख नाही. चाळीस वार कापडासाठी तुम्ही मला चोर ठरवता?”

“मिलचं तू म्हणाला होता, मालक ऐकत नाही. ते आम्ही मानलं. या कपाटाचा मालक कोण होता?”

“रत्नपालचं मला दुःख नाही का? पण मेल्या माणसाला काय कळतं, भिया? नी तुम्ही लोक तर आत्मा मानतच नाही.”

“आत्मा मानत नाही,” नथू म्हणाला. “दिलेला शब्द मानतो. रत्नपालनं जिवंत असताना विचारलं होतं, पूर्ण शुद्धीवर. मी त्याला हो म्हटलं. माझ्या तोंडून ते खोटं तू बोलवलं. त्या वेळेला तू याच्यावर बसून शेव खात होता.”

गोपीनाथने उत्तरासाठी मागच्या माणसांकडे पाहिले. मागची माणसे जमिनीकडे पाहत होती. त्यांतल्या चौघांची पोरे सांवेर रोडवर गोपीनाथच्या शब्दावर कामाला लागलेली होती. नथूला हे माहीत होते, आणि त्यामुळे त्याचा राग कमी होत नव्हता. उलट कोणावर किती रागवावे हे ठरविणे अधिकच कठीण होत होते. “जाऊ द्या ना आता, जेवायच्या दिवशी,” कोणीतरी पुटपुटले.

नथूने चादर उचलून झटकली. राखेचा लोट उठला. मग त्याने दोन टोके दोन हातांत धरली, हात ताणून पसरले आणि तसाच उभा राहिला.

इतके रुंद कापड एकट्याला घडी करता येत नाही. घडीखात्यात ते काम नेहमी दोघांचे असे: दोघांनी समोरासमोर काठ धरायचे, ताण द्यायचा, चालत जवळ यायचे, टोके एकाच्या हातात सोपवायची, मागे जायचे. नथूने कोणाला हाक मारली नाही. चादरीचे दुसरे टोक त्याच्यापुढे राखेत लोळत होते. आतल्या खोलीत कोणाचा तरी पाय रिमोटवर पडला असावा. समुद्राचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि मंदिराजवळ आल्याचे सांगणारा गोपीनाथचा आनंदी आवाजही.

शाम पायऱ्या उतरून पुढे आला. खाली वाकून त्याने टोकाला हात घातला.

“हात धू,” नथू म्हणाला.

शाम थबकला. घडीखात्याच्या दारावर पाण्याची कुंडी असे, आणि जॉबर असो की मॅनेजर, तेलाचा हात कापडाला लावण्याची मुभा कोणालाच नव्हती. नथूने एकदा मालकाच्या मुलालाही परत पाठविले होते. अंगणात उभे राहून शामने स्वतःच्या हातांकडे पाहिले, बोटांवर अजून तूप होते. मग समोरच्या चादरीकडे, जिच्यावर तूप, रस्सा आणि राख यांशिवाय जागा उरली नव्हती. कोपऱ्यातल्या नळावर जाऊन त्याने साबण लावून मनगटांपर्यंत हात धुतले, धोतराला नीट पुसले आणि येऊन दुसरी दोन टोके उचलली.

दोघांनी ताण दिला. चादर मधोमध सरळ झाली आणि उन्हात अंगठे दिसू लागले, काही पुसट, काही फक्त डाग. रत्नपालच्या नावातले पहिले अक्षर निखाऱ्याने जळून तिथे भोक पडले होते. शेजारचा अंगठा शाबूत होता.

“हा बाहेरून ठेव,” नथू म्हणाला. “धम्मदीनाला दाखवायचा आहे.”

“काय सांगशील तिला?”

“कुठे होता ते सांगीन.”

शाम टोके घेऊन चालत त्याच्याजवळ आला, ती त्याच्या हातात दिली, खाली लोंबणारी घडी उचलली आणि पुन्हा मागे गेला.