चोथ्यातलं पिवळं पाणी

"परत वाच," मावशी म्हणाल्या.

चष्मेवालीने पत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली संशोधन करणारी ही मुलगी. जाड काचांमुळे सगळे तिला त्याच नावाने ओळखत. "'सदर बाईंनी एकोणीस वर्षं काचसामान निष्ठेने धुतलं.' संपलं, मावशी. खाली सरांची सही."

"आणि चोथ्याचं?"

"चोथ्याचं काही नाही."

मावशींनी नळ बंद केला. नोकरी कायम व्हायची तर धुण्यापलीकडचं काही काम केल्याचं पत्र आणा, असं कचेरीने बजावलं होतं. नाहीतर महिनाअखेर घरी. आणि धुण्यापलीकडचं एक काम मावशींनी केलं होतं. सरांना ते पक्कं ठाऊक होतं.

सहा वर्षं झाली त्याला. गव्हाच्या कोंड्यात फिनॉल नावाची द्रव्यं असतात, दाण्याला किडीपासून जपणारी. सर गव्हाच्या एका नव्या वाणात ती मोजत होते. कोंडा अल्कोहोलमध्ये ढवळायचा, गाळायचा, गाळलेलं मोजायचं आणि उरलेला चोथा मावशींच्या मोरीत. दर खेपेला आकडा एवढासा. "भिकार वाण आहे!" म्हणून सर चरफडायचे. एका संध्याकाळी मावशींनी चोथा चिकटलेली भांडी तशीच कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी बघतात तर पाणी पिवळंजर्द.

"सर, तुम्ही संपला म्हणता, त्या चोथ्यात अजून बरंच शिल्लक आहे."

"मावशी, तुम्ही भांडी बघा. शास्त्र आमच्याकडे राहू द्या."

दोन दिवसांनी सर स्वतः मोरीपाशी आले आणि गुपचूप चोथा मागून घेऊन गेले. मग उलगडा झाला. त्या वाणात ही द्रव्यं सुटी थोडीच होती. बाकीची पेशींच्या भिंतीत, विटेला चुना धरावा तशी घट्ट बसलेली. अल्कोहोलला ती दाद देत नव्हती. कॉस्टिकने भिंत सैल केली तेव्हा कुठे सुटली. भिकार वाण एका रात्रीत गुणाचं ठरलं. सरांना मोठी खुर्ची मिळाली, खोलीला काचेचं दार आलं.

त्या दारावर आज मावशींनी टकटक केली.

"सर, पत्रात चोथ्याचं लिहायचं राहिलं का?"

"अहो, पाणी पिवळं झालेलं कुणीही पाहिलं असतं."

"पण पाहिलं मीच ना?"

"तुम्ही पाहिलंत. मला समजलं. फरक असतो त्यात." सरांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि भांडीवाल्या बाईंनी दाखवलं असं लिहू? लोक हसतील."

"कुणाला?"

सरांनी टेबलावरचे कागद पुढे ओढले.

"तेच म्हटलं," मावशी म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.

चष्मेवाली बाहेरच घुटमळत होती. "मी देऊ का लिहून, मावशी?"

"तुझ्या सहीला कोण विचारतंय, बाळा? आधी तुझं स्वतःचं नाव त्यांच्या छापून येणाऱ्या कागदावर येऊ दे. आणि ऐक, जे करशील ते तारीख घालून वहीत लिहीत जा. मी मोरीवर बोलले, तिथेच वाहून गेलं."

महिनाअखेरीस मावशींनी शेवटचा चंबू पालथा घातला. खिडकीपाशी सरांच्या चार महिन्यांच्या कामाच्या, कोंड्याच्या अर्काने भरलेल्या बाटल्या मांडल्या होत्या, काळ्या कापडाखाली. या द्रव्यांना उजेड सोसत नाही. कचेरीकडून झाकणं येता येईनात, तेव्हा मावशींनीच मोडक्या छत्रीचं कापड उसवून आणून घातलं होतं.

कापड त्यांचं होतं. त्यांनी ते ओढलं. बाटल्यांवर लख्ख ऊन पडलं.

मावशी तशाच उभ्या राहिल्या. काही करायची गरजच नव्हती. नुसतं निघून जायचं. सोमवारी सरांनी पाहिलं असतं, आणि कदाचित समजलंही असतं.

"मेल्या कोंड्याचा काय दोष," त्या पुटपुटल्या. एकेक बाटली उचलून त्यांनी कपाटात ठेवली, दार लावलं, कडी घातली.

फाटकाबाहेर ऊन रणरणत होतं. मावशींनी कापड डोक्यावरून घेतलं आणि चालू लागल्या. मधोमध छत्रीच्या दांड्याचं भोक होतं. त्यातून बोराएवढं ऊन त्यांच्या पिकल्या केसांवर पडलं होतं, ते घरापर्यंत तसंच राहिलं.