आग्रा रोडचा चोविसावा मैल

ठाण्यातले निवृत्त मुख्याध्यापक दाजी ओगले यांनी १९८७ साली इतिहास मंडळातर्फे एका साप्ताहिकात आवाहन छापलं. मुंबईहून आग्र्याला जाणाऱ्या जुन्या रस्त्याचा मैलाचा दगड कुणी पाहिला असल्यास कळवावे. चौथ्या दिवशी बाळकूमचे कुंडलिक म्हात्रे त्यांच्या दारात उभे राहिले. एकतीस वर्षं मैलकुली म्हणून त्याच रस्त्याचे खड्डे त्यांनी भरले होते आणि दर दिवाळीआधी ते दगड चुन्याने रंगवले होते.

"एक हाय," ते म्हणाले. "आमचे घरी."

दाजी लगेच रिक्षाने बाळकूमला पोचले. अंगणात कुंडलिकांची बायको रंभाबाई एका दगडावर कपडे आपटत होती. दाजी आणि कुंडलिकांनी तो दगड पालथा केला, खालची माती पुसली, तेव्हा इंग्रजी अक्षरं दिसली. बॉम्बे, चोवीस. दाजींचे डोळे भरून आले.

"एवढी वर्षं तुम्ही हा जपलात?"

"जपला म्हंजे… व्हता," कुंडलिक म्हणाले.

दगड टेम्पोत चढला. "आन् मी कपरं कशाव धुवू?" रंभाबाईंनी विचारलं. मंडळ दुसरा दगड देईल, असं दाजींनी सांगितलं. मंडळ ते विसरलं.

महिन्याभरात रस्त्याच्या कडेला चौथरा बांधून दगड बसवला गेला. समारंभात दाजी भारावून बोलले. मैल जाऊन किलोमीटर आले, तेव्हा एका साध्या कामगाराने दूरदृष्टीने हा वारसा वाचवला, म्हणाले. मग शाल-नारळ देऊन माइक कुंडलिकांच्या हातात दिला.

"सायबांनी सांगितला, जुने दगर खाडीत टाका," कुंडलिक म्हणाले. "मी आन् जोडीच्या गोविंदानी आठ टाकले. ह्यो नववा. बायकोला धुन्याला पायजे व्हता, म्हून घरी नेला."

मांडवात हशा पिकला. दाजी हसले नाहीत. पुढच्या साप्ताहिकात बातमी आली, ती दूरदृष्टीचीच. ती त्यांनी समारंभाआधीच लिहून दिली होती. नंतर ते कुंडलिकांकडे फिरकले नाहीत.

१९९० साली रस्ता रुंद करायला घेतला. एका सकाळी दाजी फिरायला गेले, तर चौथरा जागेवर नव्हता. दगडाचे तुकडे होऊन ते नव्या रस्त्याच्या भरावात दाबले गेले होते. दाजी रस्ते खात्याच्या कचेरीत गेले. तिथे सांगण्यात आलं की असा दगड तिथे असल्याची नोंदच नाही. तिथून ते थेट बाळकूमला आले आणि अंगणातल्या खाटेवर बसून राहिले.

रंभाबाईंनी चहा दिला. "माजे आंगनान बावीस वर्सं व्हता," त्या म्हणाल्या. "त्याला काय झाला नाय."

दाजींनी मान खाली घातली. कुंडलिकांना वाईट वाटलं.

"बाकीचे आठ चिखलात खोल गेलेत, ते काय निघायचे नाय," ते म्हणाले. "पन कुठला दगर कुठं उभा व्हता, त्ये सांगतो. लिवून घ्या."

तीन महिने दर रविवारी दाजी वही घेऊन येत राहिले. कुंडलिकांनी बैलगाड्या सोडून गाडीवान विसावायचे ते चिंचेचं झाड सांगितलं, बैल पाणी प्यायचे ती विहीर सांगितली आणि पूल नव्हता तेव्हा कोळी भरतीला गाड्या होडीतून कशा पार करायचे, तेही वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. त्याची पुस्तिका निघाली. दोनशे प्रती. वाटप व्हायच्या आधीच एक बाळकूमला आली, ती सून रतनने संध्याकाळी वाचून दाखवली. सुरुवातीला आभार होते: अध्यक्षांचे, छापखान्याचे, एका इंजिनीअरचे, शेवटी 'एका जुन्या कामगाराचे'.

रतन थांबली. "बाबा, तुमचा नाव नाय."

"फुडं वाच."

दहाव्या पानावर त्यांनीच तिला थांबवलं. "हीर डाव्या हाताला? उजव्या."

दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून, आपली प्रत घेऊन ते दाजींकडे गेले. चूक ऐकून दाजींनी लाल शाईची दौत काढली. दाजी प्रत्येक प्रतीत 'डाव्या' खोडून 'उजव्या' लिहीत, कुंडलिक फुंकर मारून शाई वाळवत. जेवणाच्या वेळेपर्यंत दोनशे प्रती झाल्या. गठ्ठा रचताना वरच्या प्रतीचं पहिलं, आभारांचं पान उघडलं गेलं. दाजींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"म्हात्रे, जरा बसा," ते म्हणाले आणि दौतीचं झाकण पुन्हा उघडलं.